रथ कुठे थांबवायचा?

ग्वाल्हेरच्या बिर्ला नगरापासून मुरारकडे गेलं की सूर्यमंदिर लागतं. कोणार्कच्या धर्तीवर बांधलेलं, १९८८ मध्ये पूर्ण झालेलं हे मंदिर म्हणजे तांबड्या दगडाचा रथच आहे: दोन्ही अंगांना चाकं, पुढे सात घोडे. उलट दिशेला किल्ला दिसतो. त्याच्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या अमदानीत, जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्या गेल्या. त्यांतली आदिनाथांची मूर्ती सत्तावन्न फुटांच्या आसपास उंच आहे. कायोत्सर्गात उभी, हात सैल सोडलेले, पाय उघडे. देव रथातून येतो ही एक श्रद्धा आणि मुक्त झालेला माणूस अनवाणी उभा असतो ही दुसरी. या शहरात दोन्ही सुखाने नांदतात. जंगलाच्या वेशीवर मात्र त्यांच्यातून एकीची निवड करावी लागते.

संरक्षित अरण्यात माणसाने कसं शिरायचं, हे वनखात्याच्या परिपत्रकात वाचलं की रुक्ष वाटतं: अमुक गेट, तमुक वेळ, अमुक वाहनास मनाई. पण त्याच्या मुळाशी धर्माचा फार जुना प्रश्न आहे. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना आपलं काय काय उंबऱ्याबाहेर ठेवायचं? देवळात चपला बाहेर राहतात, मशिदीत वजू करून आत जातात. अरण्याच्या उंबऱ्यावर काय सोडायचं, यावर माणसाला हजारो वर्षांत एकच एक उत्तर सापडलेलं नाही, आणि सायकलने तर पंचाईत वाढवली आहे. तिला धूर नाही, आवाज नाही, ती माणसाच्या स्वतःच्या ताकदीवर चालते. तरीही तिला चाकं आहेत, आणि ती पायांपेक्षा तिप्पट-चौपट वेगाने धावते. ती चालणाऱ्यांच्या पंगतीत बसवायची की गाड्यांच्या?

बिर्ला नगरातून हा प्रश्न पाहण्याला एक अर्थ आहे. ही वस्ती जियाजीराव कॉटन मिलभोवती वाढली. घनश्यामदास बिर्लांनी १९२१ मध्ये सुरू केलेली ती गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली. गिरणी चालू होती तेव्हा पाळी सुटल्यावर रस्त्यावर सायकलीच सायकली दिसत. इथल्या माणसाला सायकल ही खेळाची वस्तू म्हणून नंतर कळली, आधी ती पोटापाण्याची होती. आणि याच वस्तीच्या आसपास, शंभर-दीडशे किलोमीटरांच्या टापूत, संरक्षित जंगलांचे नाना प्रकार आहेत. उत्तरेला मुरैना ओलांडलं की घडियालांसाठी राखलेली चंबळ. दक्षिणेला शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान, एके काळी शिंदे सरकारांची शिकारीची राखीव जागा. पश्चिमेला कुनो, जिथे सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून चित्ते आले. आणि धौलपूरमार्गे राजस्थानात उतरलं की भरतपूर. सायकलच्या बाबतीत या प्रत्येक ठिकाणी वेगळी रीत आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उत्तर एका राजाने दिलं आहे. कालिदासाच्या शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत हरणामागे रथ दामटत येतो. तपस्वी आडवे येतात, हे आश्रमाचं हरीण आहे म्हणून सांगतात, आणि राजा बाण उतरवतो. पुढे कण्वांच्या तपोवनाची हद्द दिसू लागते, तेव्हा तो सारथ्याला रथ तिथेच थांबवायला सांगतो. कारणही सांगतो: तिथे राहणाऱ्यांना त्रास होऊ नये. मग दागिने आणि धनुष्य सारथ्याच्या हवाली करून तो पायी आत जातो.

वाल्मीकींनी हेच दोनदा दाखवलं आहे. वनवासाला निघालेला राम सुमंत्राचा रथ गंगेच्या काठी परत पाठवतो. पुढचं अरण्य पायी. त्याच्या मागून सैन्य घेऊन आलेला भरत भरद्वाजांच्या आश्रमापासून कोसभर अलीकडे सगळी सेना थांबवतो. ऋषी विचारतात, सैन्य दूर का ठेवलंस? भरताच्या उत्तरात झाडं येतात, पाणी येतं, जमीन येते, पर्णकुट्या येतात. हत्ती-घोड्यांनी यांची नासधूस करू नये म्हणून.

या तिन्ही प्रसंगांत चाक अपवित्र आहे असं कुणीच म्हणत नाही. रथ वाईट नाही, घोडा वाईट नाही, राजवैभवही वाईट नाही. दुष्यंत आणि भरत थांबतात ते आत राहणाऱ्यांसाठी. नियमाचा आधार येणाऱ्याच्या शुद्धीत नसून राहणाऱ्याच्या स्वास्थ्यात आहे, हे या दोघांच्या प्रसंगांचं मर्म. सायकलच्या वादात नेमकं तेच सुटून जातं.

वाद सर्वांत कडाक्याचा आहे अमेरिकेत. ३ सप्टेंबर १९६४ रोजी तिथे ‘वाइल्डरनेस ॲक्ट’ लागू झाला. त्याचा मसुदा हॉवर्ड झानायझर यांनी वर्षानुवर्षं घोटला आणि कायद्यावर सही होण्याच्या चार महिने आधी ते वारले. कायद्याची कल्पना उदात्त आहे: काही भूभाग असा असावा, जिथे माणूस पाहुणा म्हणून येईल आणि मुक्काम न ठोकता परत जाईल. तिथे रस्ता नाही, मोटार नाही, यांत्रिक होडी नाही, विमान उतरणार नाही, आणि कुठल्याही प्रकारचं यांत्रिक वाहतुकीचं साधन चालणार नाही. या शेवटच्या तरतुदीत सायकल अडकली. डोंगरवाटांवर चालणारी माउंटन बाइक तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ती सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात रुजली. १९६६ मध्ये अमेरिकी वनखात्याने यांत्रिक साधनाची जी व्याख्या केली, तीत निर्जीव शक्तीवर चालणारी साधनंच धरली होती. १९८४ मध्ये मात्र सायकलवर नाव घेऊन बंदी आली. आज ही बंदी सुमारे साडेचार कोटी हेक्टरांवर आहे. २०१५ मध्ये ती सैल करण्यासाठी एक संघटना उभी राहिली, २०१७ मध्ये संसदेत विधेयकही आलं; कायदा बदलला नाही.

सायकलस्वारांची तक्रार ऐकण्यासारखी आहे. त्याच वाटांवर घोडे चालतात, खेचरांच्या रांगा चालतात. नाल ठोकलेले चार खूर वाट जितकी उकरतात तितकी दोन टायर उकरत नाहीत, असं ते म्हणतात, आणि माती मोजणाऱ्यांनी त्यांना बऱ्याच अंशी दुजोरा दिला आहे. माँटानात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोड्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी सायकलपेक्षा जास्त माती सुटी केली. कॅनडातल्या ओंटारिओच्या पानगळीच्या जंगलात २००१ मध्ये चालणारे आणि सायकलवाले यांनी झाडोऱ्याचं केलेलं नुकसान जवळजवळ सारखं भरलं. मग घोडा आत आणि सायकल बाहेर, हे कुठल्या न्यायाने?

याचं उत्तर कायद्यात शोधलं तर थोडी निराशा होते. तिथला मुख्य आधार माणसाचा अनुभव आहे: एकांत, आदिम साधेपणा, यंत्रापासून सुटका. घोडा त्या जुन्या चित्रात बसतो, सायकल बसत नाही. म्हणजे नियम पाहुण्याच्या मनासाठी आहे. शिवाय ज्या भूमीला माणसाचा वावर नसलेली म्हटलं, तिथे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, हे त्या चित्रातून पुसलं गेलं. कायदा थोर आहे, त्याने वाचवलेली जंगलं खरी आहेत, पण दुष्यंताने विचारलेला प्रश्न त्याने दुय्यम ठेवला.

भारतात चित्र बरोबर उलटं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘वाहन’ म्हणजे काय, ते सांगितलं आहे, आणि ती व्याख्या वाचण्यासारखी आहे. जमीन, पाणी किंवा हवेतून जाण्याचं कुठलंही साधन त्यात येतं. शिवाय म्हैस, बैल, उंट, हत्ती, घोडा आणि खेचर हेही. सायकल अर्थातच आली. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने अभयारण्यात पाऊल ठेवणंच परवान्याशिवाय बंद केलं, मग ते अनवाणी का असेना. अपवाद ठेवले ते कामावरच्या सरकारी माणसाला, हद्दीत राहायची परवानगी असलेल्याला, तिथे मालमत्तेचा हक्क असलेल्याला, सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला आणि यांतल्या पहिल्या तिघांच्या आश्रितांना. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन यांसाठी परवाना मिळू शकतो.

व्यवहारात मात्र व्याघ्र प्रकल्पात पर्यटकाला बहुधा एकाच मार्गाने जाता येतं: जिप्सीत बसून. उतरायचं नाही, चालायचं नाही, सायकलचा तर विषयच नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. त्याच वर्षी आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी ते गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं. अमेरिकेत पाय आत आणि चाक बाहेर. आपल्याकडे इंजिन आत आणि पाय बाहेर. वरवर पाहता हे अन्यायाचं वाटतं. जो धूर सोडतो त्याला प्रवेश, जो घाम गाळतो त्याला मनाई.

पण इथे घाई करून चालणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा शोधत निघालेल्या महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केलं. ज्यांचं अवघं काम जंगलात चालण्याचं, त्यांच्याही वाट्याला हे येतं. जिप्सी वाघाच्या परिचयाची झाली आहे. दोन पायांवरचा एकटा माणूस त्याच्या लेखी वेगळा प्राणी आहे. आणि सायकलस्वार आणखी वेगळा, कारण तो आवाज न करता वेगाने अंगावर येतो. २९ जून २०१६ रोजी माँटानात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या रानवाटेवर, सायकलवरून भरधाव जाणारा एक वन अधिकारी वळणावर ग्रिझली अस्वलावर आदळला. अस्वलाने त्याला ठार केलं. त्याला जंगलाची माहिती नव्हती असं कोण म्हणेल? दोघांनाही एकमेकांची चाहूल लागायला वेळच मिळाला नाही. आपल्या मध्य भारतातलं अस्वल असंच अचानक समोर आलेल्या माणसावर चवताळून जातं. मोह आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या उघड्या पायांकडे इथे परत वळायला हवं. जैन मुनींच्या पाच समित्यांमध्ये पहिली आहे ईर्यासमिती, म्हणजे चालण्याचा संयम. मुनीने दिवसाउजेडी चालावं, मळलेल्या वाटेने चालावं, आणि पुढची चार हात जमीन नीट पाहत चालावं, जेणेकरून एखादा जीव पायाखाली येणार नाही. वाहनात ते बसत नाहीत. हा नियम अनेकांना टोकाचा वाटतो. पण त्यात दडलेलं गणित बारकाईने पाहिलं तर ते थक्क करणारं आहे. चार हात म्हणजे जेमतेम दोन मीटर. चालणारा माणूस दिसल्यावर तेवढ्यात थांबू शकतो. ताशी वीस किलोमीटरने निघालेली सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. ब्रेककडे बोट जाईपर्यंतच तिने मुनीच्या नजरेच्या दुपटीहून जास्त अंतर तुडवलेलं असतं. उतारावर तर विचारायलाच नको. दिसलेल्या जिवासाठी थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा, ही ईर्यासमितीची कसोटी आहे. तिला घोडा, चाक, यंत्र, आदिम, आधुनिक यांपैकी कशाचीच अडचण नाही. ती फक्त नजर आणि वेग यांचं प्रमाण विचारते.

प्राण्यांचा अभ्यास करणारेही हळूहळू याच जागी आले आहेत. युटातल्या अँटिलोप बेटावरचा, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की बायसन आणि हरणं चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना जवळपास सारखीच बिचकतात. फरक इतकाच की तेवढ्याच वेळात सायकलस्वार जास्त अंतर कापतो, म्हणून जास्त प्राण्यांना उठवतो. ऑरेगनच्या जंगलात एल्क हरणांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हरणांची सर्वाधिक पळापळ मोटारसदृश वाहनांनी झाली आणि त्याखालोखाल सायकलींनी. सायकल निष्पाप नाही, पण तिचं पाप चाकापेक्षा वेगात जास्त आहे.

ही कसोटी हातात घेऊन भरतपूरला जावं.

केवलादेव राष्ट्रीय उद्यान अवघं २९ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. त्याचं नाव आत असलेल्या केवलादेव महादेवाच्या देवळावरून पडलं. एके काळी ही भरतपूरच्या महाराजांची बदकांच्या शिकारीची जागा होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले, आणि तो आकडा आत दगडावर कोरलेला आहे. आज त्याच उद्यानात सायकल भाड्याने मिळते. मोटारी एका टप्प्यापर्यंतच; पुढे पायी, सायकलने किंवा सायकलरिक्षाने. वाट सपाट आणि सरळ आहे, दोन्ही बाजूंना पाणी, बांधावर बाभळी आणि कदंब. पावसाळ्यानंतर पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी इतकी दाटतात की फांद्या पांढऱ्या दिसतात. सायकल लावून पाहायला उभं राहिलं तरी पक्षी उडत नाहीत. रिक्षा ओढणाऱ्यांत अनेक शीख. त्यांना पक्ष्यांची नावं, विणीच्या जागा, कोणता शिकारी पक्षी कोणत्या झाडावर बसतो हे सारं तोंडपाठ. वाटेत रिक्षा थांबवून ते दुर्बीण पाहुण्याच्या हातात देतात आणि फांदीवरच्या निद्रिस्त घुबडाकडे बोट दाखवतात. तिथला वेग चालण्याच्या जवळचा आहे, नजर लांबवर पोचते, आणि वाघासारखा प्राणी तिथे वस्तीला नाही. मुनीच्या कसोटीला ही सायकल उतरते.

भरतपूरची दुसरी गोष्ट मात्र अस्वस्थ करणारी आहे. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथे गुरं चारायला बंदी आली. आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, गावकरी मारले गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्यावर पाणथळीत गवत माजलं, उघडं पाणी आटत गेलं आणि पक्ष्यांचीच अडचण झाली. ज्यांना घुसखोर समजून बाहेर काढलं, त्या म्हशी त्या घराच्या जुन्या रहिवासी होत्या. सायकलवरून येणाऱ्या पाहुण्याला वाट मोकळी आणि म्हशीमागून येणाऱ्या शेजाऱ्याला गोळी, हा हिशेब कुठल्याही धर्माच्या वहीत जमेला धरता येणार नाही.

राहणारा कोण, हे ठरवण्यात चूक झाली की नियम आंधळा होतो. राहणारा निघून गेला तरी तेच होतं. शिवपुरी जिल्ह्यातलं करैरा अभयारण्य १९८१ मध्ये माळढोकासाठी घोषित झालं. माळढोक काही वर्षांत दिसेनासा झाला. शेतकऱ्यांवरचे जमीन खरेदी-विक्रीचे निर्बंध पुढे कित्येक वर्षं राहिले. सोलापूरच्या नान्नजचं अभयारण्य कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचं होतं, त्यात गावंच्या गावं, कारखाने, रस्ते सगळं आलं होतं; ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावं लागलं. पक्ष्यासाठी केलेला नियम माणसाला जाचत राहिला आणि पक्ष्याला तो वाचवू शकला नाही. अशा माळरानावर सायकलला मनाई करण्यात काही अर्थ उरतो का, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहायला हवं.

आता अपवादाचं. कुठल्याही धर्मनियमाची खरी परीक्षा तो आजाऱ्याशी कसा वागतो यात होते. विनयपिटकात एक प्रसंग आहे. काही भिक्षू ऐषारामी लोकांसारखे वाहनांतून हिंडू लागले, लोकांनी नावं ठेवली, आणि बुद्धांनी भिक्षूंना वाहन वर्ज्य केलं. पुढे कोसल देशातून श्रावस्तीला बुद्धांच्या दर्शनाला निघालेला एक भिक्षू वाटेत आजारी पडला आणि रस्त्यापासून बाजूला होऊन झाडाच्या बुंध्याशी बसला. लोक म्हणाले, भंते, गाडीत बसा. तो म्हणाला, भगवंतांनी वाहन निषिद्ध केलं आहे, आणि बसला नाही. ही गोष्ट कानावर गेल्यावर बुद्धांनी आजाऱ्याला वाहनाची परवानगी दिली. मग कोणतं वाहन असा प्रश्न आला. हाताने ओढायच्या गाडीलाही मुभा मिळाली, आणि धक्के सोसवत नाहीत अशांना पालखीचीही. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरूच नये, एका जागी वर्षावास करावा, हा नियमही याच वृत्तीचा: कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांनी तक्रार केली होती.

बोरिवलीच्या कान्हेरीला असे वर्षावास शतकानुशतकं झाले. शंभरावर लेणी, पाण्याच्या टाक्या, आणि भोवती आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथे सायकली भाड्याने मिळतात, डांबरी रस्त्याने लेण्यांकडे जाता येतं, आणि त्याच डोंगरात बिबटे राहतात. दिवस माणसांचा आणि रात्र बिबट्यांची ही वाटणी तिथे बरीचशी पाळली जाते. वेळेची मर्यादा ही जागेच्या मर्यादेइतकीच महत्त्वाची असते. मुनींनाही सूर्यास्तानंतर विहार नाही.

अमेरिकेच्या कायद्यालाही अखेर तो झाडाखाली बसलेला भिक्षू भेटला. १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि ज्याचं चालणंच चाकांच्या खुर्चीवर आहे त्याला ती खुर्ची घेऊन वाइल्डरनेसमध्ये जाता येईल असं स्पष्ट झालं. आपल्याकडे याच गाठीचा वेगळा पदर माथेरानला उलगडला. २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, मोटारींना बंदी आहे, म्हणून थकलेल्या आणि आजारी माणसांना माणसांनीच ओढलेल्या हातरिक्षा नेत होत्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला काळिमा ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देण्याचा मार्ग दाखवला. जंगल शांत राहावं म्हणून माणसाला बैलाच्या जागी जुंपायचं, हे चालू ठेवणं शक्य नव्हतं. तो निर्णय योग्यच होता. आजाऱ्याची सोय करताना तिचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, हे विचारल्याशिवाय अपवादाचा नियम पुरा होत नाही.

याच ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात मे १९६० मध्ये एक मराठी माणूस पायी आला होता. विनोबा भावे तिथल्या बीहडांमधून, म्हणजे घळींमधून, चालत गेले आणि वीस बागींनी, म्हणजे दरोडेखोरांनी, त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. सप्टेंबर १९५१ पासून एप्रिल १९६४ पर्यंत त्यांनी देश पायी पालथा घातला. चालणाऱ्याला कुणीही गाठू शकतं, रस्त्यात थांबवू शकतं, हे त्या यात्रेचं बळ होतं. पुढे बिहारमध्ये, उतारवयात, त्यांनी मोटारही वापरली. चालणं हे त्यांचं व्रत होतं, पण त्याची त्यांनी मूर्तिपूजा केली नाही.

शिवपुरीच्या माधव उद्यानात आता हे सगळे धागे एकत्र येतात. १९५६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलातले वाघ पुढे संपले. मार्च २०२३ मध्ये ते पुन्हा आणून सोडले गेले, आणि मार्च २०२५ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वस्ती आणि वाघ यांच्यामध्ये तेरा किलोमीटरांची दगडी भिंतही उभी राहिली. आतला सांख्यसागर तलाव २०२२ पासून रामसर यादीत आहे, त्यात मगरी आहेत. शिंदेशाहीपासूनचे रस्ते, तलावाच्या कडेचा गार वारा, चढउतार. सायकलवाल्यांना मोह पडावा असं सगळं तिथे आहे. ग्वाल्हेरहून निघणाऱ्या सायकलस्वारांनी हा मोह टाळावा. जिथे वाघीण नव्या घराची सीमा अजून आखते आहे, तिथे वळणावर अचानक उगवणारी सायकल तिला नको आणि सायकलस्वारालाही नको. भिंतीबाहेरचे रस्ते, चंबळच्या काठावरच्या मळलेल्या वाटा, माळढोक निघून गेलेली गवताळ रानं, भरतपूरचे बांध हे सायकलचे खरे प्रदेश आहेत. तिथे दिवसाउजेडी, वेगाची मर्यादा घालून आणि विणीच्या हंगामात वाट बंद ठेवून सायकलला रीतसर प्रवेश द्यायला हरकत नसावी.

पण परवान्यांच्या या चर्चेत सहरिया आदिवासींची सायकल कुठेच नसते. कुनोत सिंह येणार म्हणून चोवीस गावांतली दीड हजारांवर कुटुंबं उठवली गेली, त्यांत बहुसंख्य सहरिया. सिंह आलेच नाहीत, चित्ते आले, तेही दोन दशकांनंतर. या मुलखात कॅरिअरला जळणाची मोळी किंवा हँडलला दुधाच्या किटल्या बांधून जाणारा माणूस पर्यटक नसतो आणि खेळाडूही नसतो. वनवासींचे वहिवाटीचे हक्क मानणारा वनाधिकार कायदा २००६ मध्ये आला; वहिवाटीची वाट हा या माणसाच्या जगण्याचा भाग आहे. शिवपुरी किंवा ग्वाल्हेरच्या वनविभागाने उद्या सायकलचे नियम लिहायला घेतले, तर पहिल्या बैठकीला बोलवायचं ते याच माणसाला: त्याची वाट कोणती, तो कोणत्या वेळी जातो, आणि कोणत्या नाक्यावर त्याला अडवलं जातं, हे त्याच्याकडून लिहून घ्यायला. सायकल क्लबांचे अर्ज त्यानंतर उघडावेत.